‘पेटंट डाउनलोड करा, घरी चिप बनवा’: या मेसेजमधला एकेक दावा

सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: चिप बनवणं मुळात सोपं आहे, कंपन्यांनी उगाच बाऊ केलाय. प्रत्येक पायरीची कृती पेटंटमध्ये लिहिलेली असते, पेटंट फुकट वाचता येतात आणि वीस वर्षांनी ती सगळ्यांची होतात. सरकारनं तपासूनच पेटंट दिलेलं असतं, म्हणजे कृती चालणारच. कच्चा माल काय, तर वाळू. मोठे शोध कंपन्या विकत घेऊन दाबून टाकतात. एखादं पेटंट अजून चालू असेल तर दहा टक्के बदल करा, ते लागू होत नाही. आणि शेवटी, उत्साहाच्या भरात: ऑक्साइड काढायचं अ‍ॅसिड गंजाचे डाग काढायच्या द्रवात असतं, काचेच्या वाटीत पाणी घालून पातळ करा, साधे हातमोजे पुरतात.

माझा भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं हा मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, “मावशी, अशी बाटली ऑनलाइन मिळतेय, मागवू का?” म्हणून सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करते. बाकीच्या मुद्द्यांनी फार तर वेळ आणि पैसा वाया जाईल. या मुद्द्यानं जीव जाऊ शकतो.

हे अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड, फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, सगळे नुसतं ‘एचएफ’ म्हणतात. वेफर म्हणजे जिच्यावर चिप बनते ती सिलिकॉनची पातळ चकती, आणि तिच्यावरचा ऑक्साइड म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. तो विरघळवतं म्हणूनच एचएफ वापरतात. आणि काच कशाची असते? मुख्यतः सिलिकॉन डायऑक्साइडचीच. म्हणजे ज्या वाटीत अ‍ॅसिड ओतायला सांगितलंय, ती वाटीच ते अ‍ॅसिड खाणार. ज्यानं हे लिहिलं त्यानं हे काम कधी जवळून पाहिलेलंसुद्धा नाही, हे एवढ्यावरूनच कळतं. एचएफ पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा टेफ्लॉनच्या भांड्यात ठेवतात. काचेचं मोजपात्र, काचेचा ड्रॉपर, काचेचा थर्मामीटर, यातलं काहीही त्याच्या आसपास नको.

‘पातळ केलं की निर्धोक’ हे तर त्याहून वाईट. पन्नास टक्क्यांच्या वरचं एचएफ लागलं तर लगेच आग होते, निदान माणूस हात तरी मागे घेतो. वीस टक्क्यांच्या खालचं एचएफ लागलं तर कळतच नाही. दुखायला आणि त्वचा लाल व्हायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो. तोवर फ्लोराइड त्वचेतून आत उतरलेलं असतं. ते शरीरातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला बांधून टाकतं, आतल्या ऊती मरतात, हाडापर्यंत इजा पोचते. रक्तातलं कॅल्शियम खाली आलं की हृदयाचे ठोके बिघडतात. तीव्र एचएफनं शरीराचा अगदी लहान भाग भाजूनही माणसं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ही भाजल्याची इजा कमी आणि विषबाधा जास्त आहे.

आता हातमोजे. पातळ नायट्राइल किंवा लॅटेक्सच्या मोज्यात बारीक भोक असलं तर द्रव आत शिरतो आणि तिथेच अडकून राहतो. नखाखाली गेला तर नुसतं धुऊन निघत नाही. प्रयोगशाळेत जाड निओप्रीन किंवा ब्यूटाइल रबराचे मोजे, अ‍ॅप्रन, पूर्ण चेहऱ्याची ढाल आणि वाफा ओढून घेणारा फ्यूम हूड असतो. एचएफचं काम एकट्यानं करायचं नसतं. आणि २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडायचीच नसते. चुकून लागलंच तर कपडे काढून भरपूर पाण्यानं धुवायचं, जेल सतत चोळत राहायचं, आणि दुखत नसलं तरी लगेच रुग्णालय गाठायचं. तिथे ‘अ‍ॅसिड सांडलं’ असं मोघम सांगू नये. ‘हायड्रोफ्लोरिक’ हा शब्द उच्चारायचाच, कारण उपचार वेगळा आहे.

एवढं करून त्या बाटलीनं काम तरी होतं का? कारखान्यात ऑक्साइड काढायला बहुधा बफर केलेलं मिश्रण वापरतात: ४० टक्क्यांच्या अमोनियम फ्लोराइडचे सहा भाग आणि ४९ टक्क्यांच्या एचएफचा एक भाग. नेहमीच्या तापमानाला भट्टीत वाढवलेला ऑक्साइड ते मिनिटाला साधारण १०० नॅनोमीटर खातं, आणि बफरमुळे हा वेग टिकून राहतो. नुसत्या एचएफनं वरचा फोटोरेझिस्ट, म्हणजे जो भाग कोरायचा नाही तो झाकणारा थर, सुटून निघतो. शिवाय हे अ‍ॅसिड खाली खातं तसंच आडवंही खातं. ५०० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड काढताना रेझिस्टखाली दोन्ही बाजूंनी जवळजवळ तेवढंच कोरलं जातं, वेळ चुकली तर त्याहून जास्त. ऑक्साइड संपला की वेफरवरचं पाणी पसरायचं थांबतं आणि थेंब घरंगळून जातात. ही खूण पाहून वेफर बाहेर काढतात. डाग काढायच्या द्रवात एचएफ नेमकं किती, सोबत आणखी काय, धातूंचा अंश किती, हे लेबलवर कळत नाही. त्या भरवशावर वेळ कसली मोजणार?

तर भाच्याला उत्तर: नाही. मागवू नकोस.

आता मेसेजचा पाया, म्हणजे ‘पेटंटमध्ये सगळी कृती असते’. पेटंटचा मजकूर त्या क्षेत्रातल्या जाणकाराला शोध करून पाहता येईल इतका स्पष्ट असावा, असं कायदा मागतो. जाणकाराला. आणि शोध करून पाहता येणं वेगळं, शंभरातल्या नव्वद चिप चालत्या निघणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीची हमी कोणताही पेटंट कायदा मागत नाही.

याचा सर्वांत भक्कम पुरावा खुद्द ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे चिपमधल्या विजेच्या स्विचच्या, इतिहासात आहे. ट्रान्झिस्टर जिथे शोधला गेला त्या अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेनं एप्रिल १९५२ मध्ये परवानाधारक कंपन्यांच्या अभियंत्यांना बोलावून ट्रान्झिस्टर कसा बनवायचा ते शिकवलं. परवान्यापोटी या कंपन्यांनी २५,००० डॉलर आगाऊ भरले होते. पेटंट त्यांना वाचता येत होतं, वापरायचा हक्कही त्यांनी विकत घेतला होता. तरीही व्याख्यानं द्यावी लागली, कारखाना दाखवावा लागला, आणि त्यातून तयार झालेले जाडजूड खंड पुढे कित्येक वर्षं अभियंत्यांच्या टेबलावर होते. आजच्या सोनीनं, तेव्हाच्या टोकियो त्सुशिन कोग्योनं, १९५३ मध्ये बेलच्याच गटातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिककडून परवाना घेतला. तरी १९५४ मध्ये कंपनीचे कझुओ इवामा अमेरिकेत जाऊन कारखाने पाहत होते आणि भट्ट्या, यंत्रं, पायऱ्या यांची वर्णनं पत्रांतून टोकियोला पाठवत होते. पेटंटमध्ये सगळं असतं, तर इवामांना ती पत्रं कशासाठी लिहावी लागली असती?

मुदत संपलेलं एक पेटंट उघडूनच बघू. सिलिकॉनमध्ये खोल, उभ्या भिंतींचे चर कोरायची ‘बॉश पद्धत’ मोबाइलमधल्या हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरपासून अनेक ठिकाणी वापरतात. शोधक फ्रान्झ लेर्मर आणि अँड्रेआ शिल्प, जर्मनीत अर्ज १९९२ मध्ये, अमेरिकी पेटंट क्रमांक ५५०१८९३, मंजुरी १९९६. कल्पना सुरेख आहे: सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या प्लाझ्मानं, म्हणजे विद्युतभारित वायूनं, थोडं कोरायचं, मग दुसऱ्या वायूनं भिंतींवर टेफ्लॉनसारखा पातळ थर चढवायचा, पुन्हा कोरायचं. आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, वरून सरळ खाली येतात, त्यामुळे तळाचा थर उडतो आणि भिंतीवरचा टिकतो. वाचताना वाटतं, झालं की! पण आकडे बघा. दाब १० ते १०० मायक्रोबार. शक्ती ३०० ते १२०० वॉट. एवढ्या रुंद पल्ल्यात आपल्या यंत्रासाठी नेमका बिंदू कुठला, ते ज्याचं त्यानं शोधायचं. पल्ला मुद्दामच रुंद ठेवतात, कारण पेटंटचं काम हद्द आखून देणं हे आहे. थर चढवायला पेटंटमध्ये ट्रायफ्लोरोमिथेन आहे, आज बहुतेक ठिकाणी ऑक्टाफ्लोरोसायक्लोब्युटेन वापरतात.

आणि जे बिघडतं ते वेगळंच. एकाच वेफरवर ५ मायक्रॉनचा आणि ५० मायक्रॉनचा चर असेल तर अरुंद चर मागे पडतो, कारण वायू आत पोचणं आणि तयार झालेला माल बाहेर पडणं दोन्ही अवघड होतं. थर चढवण्याची पायरी थोडी लांबली की तळाशी काही ठिकाणी थर उरतो, त्याखालचं सिलिकॉन कोरलं जात नाही आणि काळ्या सुयांचं ‘गवत’ उगवतं. खाली ऑक्साइडचा थर असेल तर तिथे पोचल्यावर तळाशी विद्युतभार साठतो, आयन वळतात आणि चराच्या पायथ्याशी आडवी खाच पडते. आधीच्या वेफरमुळे यंत्राच्या भिंतींवर काय बसलंय, त्यावरही पुढच्या वेफरचा निकाल ठरतो. या प्रत्येकावर उपाय आहे. तो यंत्र चालवणाऱ्यांच्या वहीत असतो, किंवा नंतरच्या दुसऱ्याच पेटंटमध्ये.

आणखी एकच उदाहरण. आज जवळजवळ प्रत्येक चिपमध्ये असणाऱ्या मॉस (धातू, ऑक्साइड आणि अर्धवाहक यांच्या थरांच्या) ट्रान्झिस्टरचं बेल लॅब्जमधल्या दवॉन कांग यांचं अमेरिकी पेटंट १९६३ मध्ये मंजूर झालं. ट्रान्झिस्टर बनायचे, पण वापरता वापरता त्यांचा चालू होण्याचा व्होल्टेज सरकत राहायचा. कारण निघालं सोडियम. हातांतून, रसायनांतून, भट्टीच्या नळीतून आलेले सोडियमचे आयन ऑक्साइडमध्ये इकडून तिकडे फिरत होते. फेअरचाइल्ड या चिप कंपनीतल्या स्नो, ग्रोव्ह, डील आणि साह यांनी १९६५ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास छापला. घामाच्या बोटानं ट्रान्झिस्टर बिघडतो, हे कुठल्या पेटंटच्या दाव्यांत शोधणार?

एक अर्धसत्य मात्र मान्य करावं लागेल. घरी चिप बनवलेली आहे. सॅम झेलूफ या अमेरिकी तरुणानं २०१८ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये सहा ट्रान्झिस्टरची, आणि २०२१ मध्ये सुमारे १,२०० ट्रान्झिस्टरची चिप बनवली. जुनी कागदपत्रं आणि पेटंट वाचून खूप शिकता येतं, हेही खरं. पण त्याच्याकडे जुनी विकत घेऊन दुरुस्त केलेली उपकरणं होती, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होता, आणि दुसऱ्या चिपसाठी त्यानं पॉलिसिलिकॉनचा (बारीक स्फटिकांच्या सिलिकॉनचा) थर आधीच चढवलेले वेफर घेतले. तो थर स्वतः चढवायचा तर सिलेन वायू लागतो, आणि तो हवेत आला की आपोआप पेट घेतो. काय घरी करायचं नाही, हे त्याला कळत होतं. मेसेजमध्ये नेमकं तेच गाळलंय.

वाळूचं थोडक्यात. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू चालत नाही, स्वच्छ क्वार्ट्झ लागतो. विजेच्या भट्टीत कार्बनबरोबर तापवून ९८-९९ टक्के शुद्ध सिलिकॉन मिळतो. त्याचा ट्रायक्लोरोसिलेन करून, तो ऊर्ध्वपातनानं शुद्ध करून, सुमारे ११०० अंशांच्या तापलेल्या कांड्यांवर पुन्हा सिलिकॉन जमवतात, तेव्हा कुठे नऊ नवांची (९९.९९९९९९९ टक्के) शुद्धता येते. मग १४१४ अंशांना वितळवून एकसंध स्फटिक ओढायचा. कच्च्या मालाच्या किमतीवरून चिपची किंमत काढण्यात अर्थ नाही.

‘सरकारनं तपासलेलं असतं.’ तपासनीस नावीन्य बघतो, आधी प्रसिद्ध झालेल्या गोष्टींशी ताडतो. प्रयोग करून बघत नाही. ब्रिटिश रेल्वेला १९७३ मध्ये अणुसंमीलनावर चालणाऱ्या उडत्या तबकडीचं पेटंट मिळालंय. ती कधी उडाली नाही.

‘शोध दाबून टाकतात.’ पेटंटचा अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. दाबायचंच असेल तर कोणी पेटंट घेणार नाही, गुपित म्हणून ठेवेल. कंपन्या पेटंट घेऊन वापरत नाहीत आणि दुसऱ्यालाही अडवतात, हे होतं. संरक्षणाच्या कारणानं अर्ज गुप्त ठेवायचा कायदा अमेरिकेत १९५१ पासून आहे, तोही खरा. पण मुदत संपलेलं पेटंट कोणालाही अडवू शकत नाही, आणि मेसेजचा सगळा डोलारा तर मुदत संपलेल्या पेटंटांवरच उभा आहे.

राहिला दहा टक्क्यांचा नियम. असा नियम कुठेच नाही. पेटंटच्या शेवटी क्रमांक घातलेले दावे असतात, हद्द ती. एखाद्या दाव्यात चार घटक असतील आणि तुमच्या पद्धतीत चारही असतील, तर वर आणखी दहा गोष्टी घातल्या तरी उल्लंघन होतंच. चारांतला एक खरोखर वगळला, तर साधारणपणे सुटका होते. वगळलेल्याच्या जागी तेच काम त्याच रीतीनं करणारी दुसरी वस्तू बसवली, तर न्यायालय तिला समतुल्य धरू शकतं.

मूळ पेटंटची मुदत संपली म्हणून तंत्रज्ञान मोकळं झालं, असंही नाही. बॉश पद्धतीचं मूळ पेटंट संपलंय, पण खाच पडू नये म्हणून वेफरला द्यायचा विद्युतदाब (बायस) ठोक्याठोक्यानं देण्याची युक्ती नंतरच्या पेटंटांत आली, आणि प्रत्येकाची मुदत त्याच्या अर्जाच्या तारखेपासून वेगळी मोजली जाते. उलट शुल्क न भरल्यानं काही पेटंट वीस वर्षांच्या आतच रद्द होतात. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी भरणा असतो. म्हणून काही विकायला काढण्याआधी दावे, अर्जाची तारीख आणि भरणा या तीन गोष्टी तपासायच्या. त्याही जिथे बनवायचं आणि विकायचं त्या प्रत्येक देशात वेगळ्या, कारण पेटंट त्या त्या देशापुरतंच असतं.