थंडीतल्या झाडांना ऊब हवी असते?

दांडिया बाजारातल्या आमच्या ग्रुपवर उन्हाळाभर एक मेसेज फिरतोय: ‘वडोदऱ्यात आपण भाजतो, पण हिमालयात आणि ध्रुवाकडे गारठलेल्या झाडांना आता ऊब मिळतेय. तिकडची हिरवाई उपग्रहातूनही दिसते. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, म्हणजे झाडांचं खाणं वाढलं. फारच गरम झालं तर झाडं वर सरकतील.’

हिरवाईचं खरं आहे. आर्क्टिकच्या बऱ्याच भागांत झुडपं वाढली आहेत. पण त्याच उपग्रहांना तपकिरी पडलेले पट्टेही दिसतात, ते मेसेजातून गळले. 2007च्या डिसेंबरात उत्तर स्कँडिनेव्हियात अवेळी उष्मा आला, बर्फ वितळला आणि लगेच पुन्हा गोठवणारी थंडी पडली. पुढच्या उन्हाळ्यात क्रोबेरीची झुडपं मोठ्या भागात वाळलेली आढळली.

उबेचा मुद्दा इथेच कोसळतो. बर्फ ही या झाडांची गोधडी. वर कडाका असला तरी जाड बर्फाखालची माती शून्याच्या आसपास टिकते. अलास्कातल्या यलो सीडरची मुळं उथळ असतात. हिवाळे सौम्य झाले, बर्फ कमी साचू लागला आणि वसंतातल्या एखाद्या गोठवणाऱ्या रात्री ती उघडी मुळं मरू लागली. तापमानवाढीने झाड थंडीत मारलं, असा हा विचित्र हिशेब. कोलोरॅडोच्या डोंगरांत बर्फ लवकर जातो, कळ्या लवकर धरतात आणि जूनमधल्या गोठलेल्या दहिवराने करपतात.

खाण्याचं म्हणाल, तर उंचावर अडचण बहुधा वेगळीच असते: थंडीत नव्या पेशी घडणंच मंदावतं. स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळ स्टिलबर्गला झाडांना नऊ वर्षं जादा कार्बन डायऑक्साइड दिला. लार्च जास्त वाढला, शेजारच्या पाइनला फारसा फरक पडला नाही.

वर सरकणंही खरंच. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टने 1802मध्ये इक्वाडोरच्या अँडीज डोंगरांत नोंदवलेल्या वनस्पती दोन शतकांनंतर बऱ्याच वर सापडल्या. पण शिखरावर आधीच असलेल्यांनी कुठे जायचं? नेपाळात भूर्जवृक्षाची वरची सीमा तर पावसाळ्याआधीचा कोरडेपणा रोखून धरतो. उष्णता वाढली की माती आणखी सुकते.

ग्रुपवरचे एक काका म्हणाले, ‘हिमाचलात उंचावरच्या लाहौलमध्ये आता सफरचंद होतं, मग फायदाच ना?’ होतं, काका. पण सफरचंदाला फुलण्याआधी सात अंशांखालची सुमारे हजार तासांची थंडी लागते (जातीप्रमाणे कमी-जास्त). ती मिळेना, म्हणून खालच्या कुल्लूत कित्येकांनी सफरचंद काढून डाळिंब लावलं. लाहौलची नवी बाग त्यांच्या मालकीची नाही.