विषारी दारूवर दारूचाच उतारा?

फिरत फिरत माझ्यापर्यंत आलेला संदेश असा: 'मिथेनॉल पोटात गेलं तर लगेच चांगली दारू पाजा, विष मरतं. डॉक्टरही तेच देतात. चार तास काही झालं नाही तर धोका टळला.' मिथेनॉल म्हणजे विषारी दारूतलं घातक अल्कोहोल. संदेशातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीचीही खपून जातात.

'विष मरतं.' मरत नाही, ताटकळत राहतं. मिथेनॉलपेक्षा घातक आहे ते त्याच्यापासून शरीरात तयार होणारं फॉर्मिक आम्ल. यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड करतं, त्याचं पुढे हे आम्ल होतं आणि डोळ्यांच्या नसांवर घाला घालतं. एन्झाइमला साध्या दारूतल्या इथेनॉलची ओढ कितीतरी जास्त, त्यामुळे ते असेपर्यंत मिथेनॉलला हात लागत नाही. दारू उतरली की त्याची पाळी येतेच. आधीच तयार झालेल्या आम्लावर तर दारूचा काहीच इलाज चालत नाही. तिथे सोडियम बायकार्बोनेट, फोलिनिक आम्ल आणि डायालिसिस लागतं.

'डॉक्टरही तेच देतात.' देतात, पण फोमेपिझोल हे उताऱ्याचं औषध मिळत नसेल तेव्हा. तेही रक्तातलं इथेनॉल दर डेसिलिटरला 100 ते 150 मिलिग्रॅम राहील असं बघत, पुन्हा पुन्हा तपासत, साखर उतरत नाही ना यावर लक्ष ठेवून. घरी पेल्याने हे कसं मोजणार? शिवाय गुंगीतला माणूस ओकला तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.

फोमेपिझोल तेच एन्झाइम अडवतं, झिंग न आणता. पहिला डोस वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅम, मग दर 12 तासांनी 10. अमेरिकेत ते 1997 मध्ये इथिलीन ग्लायकॉलच्या (गाडीच्या कूलंटमधल्या रसायनाच्या) विषबाधेसाठी मंजूर झालं, 2000 मध्ये मिथेनॉलसाठी. मात्र एन्झाइम अडवल्यावर रक्तातलं मिथेनॉल निम्मं व्हायलाच दोनेक दिवस लागतात, म्हणून अनेकदा जोडीला डायालिसिस असतंच. (सॅनिटायझरमधल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलची गोष्ट वेगळी. त्याचं ॲसिटोन होतं, तिथे फोमेपिझोल देत नाहीत.)

'चार तास' हे सगळ्यात घातक. लक्षणं बहुधा 12 ते 24 तासांनी दिसतात, आणि सोबत साधी दारू प्यायली असेल तर आणखी उशिरा. म्हणजे संदेशातला उपाय केला की हा फसवा निवांतपणा लांबतो! माणूस झोपतो, आणि उठतो तेव्हा समोर पांढरं धुकं.

संशय आला की लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. ओकारी काढायला लावू नये. उरलेली बाटली सोबत न्यावी आणि किती वाजता, किती प्यायलं ते सांगावं.