बटन प्लेट की साधी?

साखरप्याच्या नाक्यावर संध्याकाळी विषय निघाला बंड्याच्या जुन्या डिझेल पिकअपचा. आंबा घाट चढताना तिसऱ्या गिअरला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही वेग घेत नाही.

"क्लच गेला. बटन प्लेट टाक, सिरॅमिकच्या गोळ्यांची," संतोष ठामपणे म्हणाला. "चिरे वाहायचे तर साधी प्लेट टिकेल कशी?"

गॅरेजवाले नाना उखडले. "बटन प्लेट एकदम पकडते. घाटात रांगेत हाफ क्लचवर सरकायचं झालं की गाडी धक्के मारते, ज्यावर दाबून बसते ते फ्लायव्हीलही खाते. चिरेखाणीत रिव्हर्स घेताना तोच हिसका गिअरबॉक्सला. कंपनीच्या मापाची साधी, ऑरगॅनिकच घे. आणि आधी पेडलचा प्ले, म्हणजे वरची मोकळी हालचाल, बघ. प्लेच नसेल तर चांगला क्लचही स्लिप होतो. फुकट गिअरबॉक्स उतरवशील."

"प्ले आहे. मग नुसती प्लेट बदलतो," बंड्या म्हणाला.

"मेल्या, मजुरी दोनदा देणार? प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, तिन्ही एकदम. तापून प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगचा जोर गेला असेल तर नवी प्लेटही घसरणार. जुनी प्लेट तेलकट निघाली तर वास घे. उग्र, गंधकासारखा आला तर गिअरबॉक्सचा सील. काळं इंजिन ऑइल असेल तर क्रँकचा मागचा. सील न बदलता नवा सेट घालणं म्हणजे पैसे पाण्यात."

दुकानात नुसतं मॉडेल सांगून भागत नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. जुन्या गाडीत गिअरबॉक्स कधी बदललाय कोण जाणे. जुनी प्लेट सोबत न्यायची, व्यास आणि मधले दाते मोजायचे, बसवण्याआधी नवी प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून बघायची.

"फ्लायव्हीलला पॉलिश पेपर मारला की झालं," संतोष.

"नुसती चकाकी असेल तर. केसाएवढ्या भेगा, निळे डाग दिसले तर लेथवर फेस मारून, म्हणजे वरचा थर सपाट कापून घे. भेग खोल असेल तर फ्लायव्हीलच बदल. शाफ्टच्या दात्यांवरचा गंज साफ कर. खाऱ्या हवेत प्लेट तिथेच अडकते, मग गिअर कुरकुरतात. ग्रीस अगदी पुसट लाव, जास्त झालं की उडून प्लेटच्या फेसिंगवर, पकडणाऱ्या थरावर. प्लेट डमी शाफ्टने मधोमध धर, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळ. आणि पहिले चार-पाचशे किलोमीटर घाटात फुल लोड नको."

"परवा चिऱ्यांची ट्रिप ठरलीय."

"दुसऱ्याला दे."

"आणि भाडं काय तुम्ही देणार, नाना?"