केसांची गोळी आणि बाप होणं

कॉलेजच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आलाय, की केस गळतीची गोळी खाणाऱ्याला मूल होत नाही, तेही कायमचं, झालं तर व्यंग असलेलं होतं, म्हणून आमचं आयुर्वेदिक तेल लावा. दोघांची लग्नं तोंडावर आलीत, त्यातल्या एकाने तर गोळ्या कचऱ्यात टाकल्या पण.

आता "मूल होत नाही" बघू. गोळी म्हणजे फिनास्टेराईड, १ एमजी. १८१ पुरुषांवर ४८ आठवडे ट्रायल झाली, काहींना गोळी, काहींना खोटी गोळी, वीर्यात खास फरक दिसला नाही. पण खोटं कशाला बोलू, ५ एमजी, म्हणजे प्रोस्टेटवाल्यांचा डोस, २००७ च्या अभ्यासात निरोगी पुरुषांना दिला तेव्हा सहा महिन्यांत शुक्राणूंचा काउंट सरासरी तिसऱ्या हिश्शाने उतरला आणि गोळी बंद केल्यावर बऱ्यापैकी वर आला. टोरंटोत मूल होत नाही म्हणून आलेल्यांपैकी २७ जण ही केसांची गोळी घेत होते, ती बंद केल्यावर त्यांचा काउंट सरासरी अकरापटीहून जास्त वाढला. म्हणजे ज्याचा काउंट आधीच कमी त्याने जपावंच, बाकीच्यांनी लगेच छाती बडवायची गरज नाही.

"व्यंग" कुठून आलं तेही सांगतो. मुलग्याचं लिंग पोटात घडतं ते डीएचटी नावाच्या हार्मोनवर आणि गोळी तेच अडवते, म्हणून प्रेग्नंट बाईने फुटलेल्या गोळीला हात लावू नये, हे खरंय. पण नवऱ्याच्या वीर्यातून जातं ते नॅनोग्रॅममध्ये, त्याने बाळाला काही झाल्याचं दिसलेलं नाही.

"कायमचं" हा तर कहर. फिनास्टेराईड रक्तात सहा तासांत निम्मं होतं, नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने, म्हणून मूल हवं असेल तर तीन महिने आधी बंद करा म्हणतात. केसांसाठी घेतात ती दुसरी गोळी, ड्युटास्टेराईड, मात्र चिवट, निम्मं व्हायलाच पाच आठवडे, ते घेणाऱ्याला बंद केल्यावरही सहा महिने रक्तदान करता येत नाही. तुम्ही नक्की कुठली गोळी घेताय ते पाकिटावर वाचा आधी!

केसांसाठी डोक्याला लावायच्या मिनॉक्सिडिल या औषधाने काउंट घटतो असं काही दिसलेलं नाही.

आणि तेलवाले भाऊ, तुमच्या तेलाची वीर्यावर केलेली एक तरी टेस्ट दाखवा ना. कचऱ्यात टाकणाऱ्या मित्रा, तू डॉक्टरला विचारून सीमेन टेस्ट करून घे, आणि गोळी बंद केली की वाचलेले केस वर्षभरात जातात, तेव्हा तेलाच्या बाटलीवर चिडू नकोस.