वीस हजार गेले, वीस हजार आले, आणि तरीही हिशेब जुळत नाही
इंग्लंड आणि वेल्समधील पोलिसांच्या संख्येचा विषय निघाला की एक हिशेब हमखास मांडला जातो: २०१० नंतर सुमारे वीस हजार पोलीस कमी झाले, मार्च २०२३ पर्यंत २०,९५१ नवे भरले, म्हणजे खड्डा बुजला. मला हा हिशेब मुळीच पटत नाही, कारण पोलीस कुठल्या भागातून गेले आणि त्यांच्या जागी कोण आले, हे त्या बेरजेत दिसतच नाही.

तिथे ४३ प्रादेशिक पोलीस दले आहेत. त्यांना काही पैसा केंद्र सरकारकडून मिळतो, काही स्थानिक रहिवाशांच्या कौन्सिल टॅक्समधून, म्हणजे घराच्या किमतीच्या श्रेणीनुसार आकारल्या जाणाऱ्या स्थानिक करातून. सरेसारख्या सधन भागात जवळजवळ निम्मा पैसा स्थानिक करातून येत असे, तर नॉर्थम्ब्रिया आणि वेस्ट मिडलंड्स यांची भिस्त प्रामुख्याने सरकारी अनुदानावर होती. २०१० मध्ये सरकारने चार वर्षांत अनुदान २० टक्क्यांनी घटवायचे ठरवले आणि तोच टक्का सगळ्यांना लावला. साहजिकच, जिथे वस्ती गरीब आणि गुन्ह्यांचा ताण अधिक, तिथेच कात्री सर्वांत खोल गेली. शिवाय स्वस्त घरांच्या भागात कर वाढवूनही हाती फारसे काही येत नाही. सर्वांना एकच टक्का लावणे याला समान वागणूक म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

त्याहून अधिक खंत मला वाटते ती अनुभवाच्या नुकसानीची. तिथला पोलीस कायद्याच्या दृष्टीने नोकरीच्या कराराने बांधलेला नोकरदार नसून शपथ घेऊन पद सांभाळणारा पदधारक असल्यामुळे त्याला कपातीच्या नावाखाली कामावरून काढता येत नाही. म्हणून दलांनी भरती थांबवली, आणि वेस्ट मिडलंड्ससह काही दलांनी ‘ए-१९’ हा निवृत्तिवेतनाच्या नियमांतील जुना नियम वापरून ३० वर्षे सेवा झालेल्यांना सक्तीने घरी पाठवले. आपल्या भागातील प्रत्येक गल्ली आणि प्रत्येक घराणे ओळखणारी माणसे त्यात गेली. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी नव्या भरतीची घोषणा केली, ती पूर्णही झाली, परंतु २०२३ मध्ये एक तृतीयांशाहून अधिक पोलिसांची सेवा पाच वर्षांपेक्षा कमी होती. नवख्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही; त्यांना शिकवणारे हात मात्र अपुरे आहेत.

शिवाय अनुदानाचा काही भाग गणवेशातील पोलिसांची संख्या टिकवण्याशी बांधलेला होता, त्यामुळे काही ठिकाणी नागरी कर्मचाऱ्यांची टेबलावरची कामे पोलिसांनाच करावी लागली. वस्तीत पायी फिरणारे, पोलिसांपेक्षा मर्यादित अधिकार असलेले समुदाय साहाय्य अधिकारी तर २०१० च्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. आणि इतक्या भरतीनंतरही २०२३ मध्ये वेस्ट मिडलंड्समध्ये २०१० पेक्षा कमीच पोलीस होते.