पाच टक्के घोडा

मेहुण्याने घोडा घेतला ही बातमी बायकोने अशा थाटात सांगितली की मला वाटलं अख्खा घोडाच घेतला. नंतर कळलं की वीस जणांनी मिळून एक रेसचा घोडा घेतलाय आणि आमच्या साहेबांच्या वाट्याला त्यातला पाच टक्के आलाय. मी आपलं सहज विचारलं, कुठले पाच टक्के? झालं, बहीणभाऊ दोघंही गप्प, आणि मग "दाजी, तुम्ही एकदा बघायलाच चला, मग बोला."

बघायला जायचं म्हणजे पहाटे चारला निघायचं. कारण घोड्यांचा सगळा व्यायाम ऊन वर यायच्या आत उरकतात, घोड्याला उकाडा सोसत नाही म्हणे. मला झोपमोड सोसत नाही, पण माझ्यात वीस जणांचे पैसे अडकलेले नाहीत ना.

तबेला म्हणलं की मला शेण, माश्या, खुंट्याला बांधलेली जनावरं असं काहीतरी वाटत होतं. इथे एकेका घोड्याला स्वतंत्र खोली, खाली गुडघाभर मऊ अंथरूण, दारावर नावाची पाटी. बरं एवढ्या गादीवर हे झोपतात किती तर अगदी थोडा वेळ, बाकी उभ्याउभ्याच पाय लॉक करून डुलक्या काढतात. एका खोलीत घोड्याशेजारी चक्क एक बोकड रवंथ करत बसला होता. काही घोडे एकटे राहिले की बेचैन होतात, खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत बसतात, खाणं टाकतात, म्हणून त्यांना अशी सोबत देतात. म्हणजे बोकडाने काही करायचं नाही, नुसतं असायचं. त्या सगळ्या कारखान्यात मला तेवढी एकच नोकरी पटली, आणि मेहुण्याने मलाही ह्याच पोस्टवर आणलंय की काय अशी शंका पण येऊन गेली.

ट्रेनर सडपातळ आणि अबोल. आल्या आल्या त्यांनी आमच्याकडे न बघता आधी घमेल्यात डोकावून बघितलं, रात्रीची चंदी संपली का उरली. मग खाली बसून चारही पायांवरून हात फिरवला, कुठे गरम लागतंय का, सूज आहे का. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोट बिघडलं की प्रकरण जिवावर बेततं, म्हणून खाणं दिवसातून तीनचारदा थोडं थोडं आणि ते पण ठरल्या वेळेला. मी ताटात उरवलं तर आजवर कुणी माझे पाय चाचपून बघितलेले नाहीत, डायरेक्ट बोलणीच बसतात.

एवढ्यात मेहुणा वंशावळीवर घसरला. जगातल्या यच्चयावत थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीच्या, घोड्यांचं बापाकडून घराणं शोधत गेलं तर ते तीनच घोड्यांपाशी जाऊन थांबतं, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गॉडॉल्फिन अरेबियन. हे त्याने तोंडपाठ म्हणून दाखवलं. ह्या माणसाला स्वतःच्या पणजोबांचं नाव बहिणीला फोन करून विचारावं लागतं. शिवाय उत्तर गोलार्धात हे सगळे घोडे १ जानेवारीला एक वर्षाने मोठे होतात, जन्म कधीचाही असो, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे १ ऑगस्टला. म्हणजे एखादं शिंगरू ३१ डिसेंबरला जन्मलं तर दुसऱ्याच दिवशी कागदोपत्री वर्षाचं! बिचाऱ्याचं बालपण एका रात्रीत आटोपलं.

मग ट्रॅकवर. हे मात्र खरंच बघण्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू. लांबून आधी नुसता टापांचा आवाज, मग धुक्यातून दोन घोडे, प्रत्येक झेपेला फुर्र फुर्र श्वास, कारण भरधाव पळताना घोडा एका झेपेला एकच श्वास घेतो, त्याला वाटलं म्हणून जास्त घेता येत नाही. एक फर्लांग म्हणजे साधारण २०१ मीटर, ते बारा सेकंदात, म्हणजे ताशी साठ किलोमीटर. मेहुण्याने खास नवीन स्टॉपवॉच आणलं होतं. त्याने बटण दाबेपर्यंत घोडे जाऊन ट्रॅकवर धूळ पण खाली बसली होती, तरी "मस्त टायमिंग आहे" असं तो म्हणालाच.

परत येताना एका घोड्याला त्याची देखभाल करणारा मोतद्दार हाताने धरून दुडक्या चालीने पळवत होता आणि ट्रेनर टक लावून त्याच्या मानेकडे बघत होते. मी म्हणलं दुखणं पायाचं आणि बघताय मान? तर म्हणाले, पुढचा दुखरा पाय जमिनीवर टेकला की घोडा मान वर उचलतो, लंगडणं तिथेच सापडतं. हे बोलणं मी विसरायला हवं होतं.

शेवटी आमचा पाच टक्के आला. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये एवढं मला पाठ होतं, म्हणून मी मुद्दाम तोंडासमोर उभा राहिलो. आता मी आयुष्यभर नाकासमोर चालत आलेला माणूस, आणि घोड्याला नेमकं नाकासमोरचंच दिसत नाही! डोळे बाजूला असतात ना त्याचे. त्याने शांतपणे एक पाऊल पुढे टाकलं आणि ते माझ्या डाव्या बुटावर ठेवलं. "घाबरू नका, रेसची नाल अ‍ॅल्युमिनियमची असते, एकदम हलकी," मोतद्दार म्हणाला. नाल हलकी असेल हो, पण तिच्यावर पाचशे किलोचा घोडा उभा होता. मी तशातही हिशोब केला, त्यातले पंचवीस किलो घरचेच.

गाडीकडे निघालो तर मागे एकदम शांतता. वळून बघितलं तर ट्रेनर, मोतद्दार आणि मेहुणा तिघंही माझ्या मानेकडे बघत होते. "पुढचा डावा," ट्रेनर म्हणाले. दिवसभरात ते माझ्याबद्दल बोललेलं हे एकच वाक्य.

संध्याकाळी मी पाय बर्फात घालून बसलो होतो तर मेहुण्याचा फोन. आवाज काळजीचा. मला जरा बरं वाटलं, म्हणलं पोराला जाण आहे.

"दाजी, पायाचं जरा टेन्शन आहे."

"अरे नाही रे, उतरेल सूज."

"तुमचा नाही हो, त्याचा. तुमच्या बुटावरून पाय काढताना नाल ढिली झालीये, नालबंदाला बोलवायला लागलं. तुमचे बूट नेहमीच एवढे टणक असतात का?"