मोठी सेडान: सुख मागे, स्टिअरिंग पुढे

परवा मित्राची मोठी सेडान सलग सहा तास चालवली. सव्वापाच मीटरच्या आसपास लांबी, लांब व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. उतरलो तेव्हा ना पाठ धरली होती, ना कान भणभणत होते. तरीही स्वतःसाठी असली गाडी मी घेणार नाही.

आधी तिची बाजू मांडतो, कारण हल्ली ती बाजू कुणी घेत नाही. एसयूव्हीचं वजन उंचावर असतं. वळणावर ती कलू नये म्हणून सस्पेन्शन कडक करावं लागतं आणि तो कडकपणा खड्ड्यात आपल्या कमरेला कळतो. सेडान मुळात बुटकी, त्यामुळे ती मऊ राहूनही रस्ता धरून चालते. डिकी वेगळी असल्याने मागच्या चाकांचा घोंगाट आणि सामानाची खडखड बरीचशी बाहेरच राहते. शिवाय वारा कापायला सोपी, म्हणून वेगात इंधन कमी खाते. एसयूव्हीवाल्यांनो, शिव्या नंतर द्या, आधी एकदा चालवून बघा.

मग का नाही घ्यायची? एकेकाळी अशी गाडी घेणं म्हणजे पुढच्या दशकातली गाडी आज घेणं होतं. मर्सिडीजच्या एस-क्लास या मोठ्या सेडानमध्ये एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, १९७८ साली आलं, चालकासाठी एअरबॅग १९८१ साली. १९८९ च्या लेक्सस एलएस ४०० ची जाहिरात आठवते? बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा, गाडी रोलर्सवर भन्नाट वेगात, आणि एकही ग्लास पडत नाही. तेव्हा ती शांतता दुसरीकडे सहज मिळत नव्हती. आता मधल्या आकाराची चांगली सेडान त्या शांततेच्या खूप जवळ जाते.

आणि चालवणाऱ्याला नेमकं मिळतं काय? २०२२ च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सीरिजमध्ये छतातून ३१ इंची पडदा खाली येतो, पण मागच्यांसाठी. पाय पसरायची जागा, मसाज, टेकू, सगळी चैन मागे. पुढच्याच्या वाट्याला पार्किंगमधली लांबी. ती सांभाळायला एस-क्लासची मागची चाकंही दहा अंशांपर्यंत वळवायची सोय केली आहे. म्हणजे आधी गाडी लांब करायची, मग ती आखूड वाटावी म्हणून यंत्रणा बसवायची! मला तरी हसू येतं.

जुनी स्वस्तात मिळते, हा मोह मलाही झालाय. पण गाडीचा भाव पडतो, सुट्या भागांचा नाही. हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारं एअर सस्पेन्शन बिघडून खचलं की कळतं.

जग्वारची मोठी सेडान एक्सजे १९६८ पासून चालत आली होती, २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. अमेरिकी लिंकन कॉन्टिनेंटलचं २०२० मध्ये. वाईट वाटलं, आश्चर्य नाही वाटलं. स्वतः चालवणार असाल तर एक आकार खालची सेडान घ्या. ड्रायव्हर ठेवून मागे बसणार असाल तर मात्र मोठीला तोड नाही, असं मी आत्मविश्वासाने लिहिणार होतो.

पण त्या सहा तासांत मागच्या सीटवर मित्राचे वडील होते. वाटभर शांत झोपले. पोचल्यावर त्या खोल सीटवरून त्यांना उठता येईना, आम्ही दोघांनी हात धरून बाहेर काढलं. परतीला म्हणाले, "तुम्ही या हिच्यातून, मी धाकट्याच्या जीपमधून येतो."